एफपीएस, हर्ट्झ आणि आपला पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडला पीसी जोडून देण्याचं आणि बिघडलेले दुरुस्त करण्याचं काम करताना परभणी, हिंगोली, देगलूर, उदगीरहून जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे असतात: मॉनिटर महागाचा आहे, तरी गेम सरळ चालत नाही. त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. इथली बरीच पोरं घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून काढून दिलेल्या रकमेत मॉनिटर घेतात. तो पैसा वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून फुकटात होणाऱ्या दुरुस्त्या आधी सांगितल्या आहेत आणि खरेदीचं शेवटी.

एफपीएस आणि हर्ट्झ एकच का?

नाही. एफपीएस म्हणजे तुमचा पीसी एका सेकंदात किती चित्रं तयार करतो तो आकडा. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर एका सेकंदात पडदा किती वेळा नव्यानं रंगवतो तो आकडा. पहिला सतत हलत असतो: भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की वाढतो, धूर आणि स्फोट आले की पडतो. दुसरा साध्या मॉनिटरवर ठरलेला असतो.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम २०० एफपीएसनं चालला तरी सेकंदाला ६० पेक्षा जास्त पूर्ण चित्रं दिसणार नाहीत. उलट मॉनिटर १४४ चा आणि ग्राफिक्स कार्ड (पीसीतला गेमची चित्रं तयार करणारा भाग) ५० च देत असेल, तर मॉनिटर तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवत राहतो. म्हणजे हर्ट्झ ही कमाल मर्यादा आहे आणि तिथपर्यंत पोचणं पीसीचं काम आहे.

आकडा दुप्पट झाला की गेम दुप्पट सरळ चालतो का?

इथे सेकंदाला किती चित्रं हे बघण्यापेक्षा एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत किती वेळ जातो ते बघा. ६० हर्ट्झला तो १६.७ मिलिसेकंद असतो, १०० ला १०, १४४ ला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला २.८.

आता वजाबाकी करा. ६० वरून १४४ वर गेलात की दर चित्रामागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, आणि हा फरक माउस हलवताच हाताला कळतो. १४४ वरून २४० वर गेलात तर वाचतात तीनपेक्षाही कमी. पुढे ३६० वर जाऊन दीडही वाचत नाही. त्यामुळे ६० वरून वर जाण्यासाठी पैसे खर्च करणं मला नेहमी योग्य वाटतं. १४४ च्या पुढचा खर्च, जो रोज स्पर्धेसाठी खेळतो त्यानंच करावा.

डोळ्याला सेकंदाला २४ च्या वर फ्रेम (म्हणजे चित्रं) दिसतच नाहीत म्हणायलेत लोक. खरंय का?

खोटं आहे. २४ हा आकडा सिनेमातून आला. सिनेमा २४ फ्रेमला बरा दिसतो कारण कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना वस्तू हलते आणि प्रत्येक चित्रात ती हालचाल पुसट उमटते. शिवाय तिथे तुमच्या हातात काही नसतं, तुम्ही फक्त बघता. गेममध्ये प्रत्येक चित्र रेखीव असतं आणि ते तुमच्या हाताच्या हुकमानं हलतं. हात आणि चित्र यांच्यातला उशीर माणसाला पटकन जाणवतो.

खात्री करायची असेल तर १२० हर्ट्झचा मोबाइल घ्या, सेटिंगमध्ये ६० करा आणि एखादी लांब यादी बोटानं सरकवून बघा.

१४४ चा मॉनिटर आणला, पण काहीच फरक पडंना. मॉनिटर खराब आहे का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा मॉनिटर चांगला असतो. परत करण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमानं बघा.

आधी केबल कुठे लावली आहे ते बघा. पीसीच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डची सॉकेटं असतात आणि खाली, आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डची. केबल वरच्या सॉकेटात असेल तर गेम बहुतेक वेळा प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो आणि हजारो रुपयांचं कार्ड शेजारी रिकामं बसून राहतं. घरच्या घरी जागा बदलताना, दिवाळीची साफसफाई करताना ही केबल वर लागण्याचे प्रकार फार होतात.

मग विंडोज बघा. नवीन मॉनिटर लावला तरी विंडोज बरेचदा ६० वरच राहतं. सेटिंग्ज उघडा, त्यात सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, निवडायची यादी असते. १४४ दिसत असेल तर निवडा आणि झालं. दोन मॉनिटर असतील तर वर कोणता निवडला आहे ते आधी पाहा, नाहीतर तुम्ही दुसऱ्याचीच सेटिंग बदलत बसाल.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट अपुरं आहे. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही कधी कधी ओव्हरक्लॉक नावाचा वेगळा पर्याय असतो. काही मॉनिटर १६५ किंवा १८० वर तो चालू केल्याशिवाय जात नाहीत.

एवढं करूनही फरक नसेल तर गेमच्या आत बघा. काही गेममध्ये स्वतःचा रिफ्रेश रेटचा आकडा असतो, काहींत एफपीएसची मर्यादा ६० वर लावलेली असते. आणि शेवटी, एफपीएस खरोखर किती येतात ते मोजा. कार्डच ५५ देत असेल तर मॉनिटर काही करू शकत नाही.

एफपीएस मोजायचे कसे?

गेम चालवायच्या स्टीम अ‍ॅपच्या सेटिंगमध्येच काउंटर आहे. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि जी दाबलं की गेम बार येतो, त्यातही दिसतात. कार्डाचं तापमान, प्रोसेसरचा भार, फ्रेम टाइमचा (दर चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख हे सगळं हवं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर घ्या. दोन्ही फुकट आहेत. मी तरी तपासणी त्यांच्याशिवाय करत नाही.

एचडीएमआय लावू की डिस्प्लेपोर्ट?

दोन्ही सोयी असतील तर पीसीला डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआय वाईट नाही, पण त्याच्या आवृत्त्या बाहेरून सारख्याच दिसतात आणि तिथेच गडबड होते. एचडीएमआय १.४ वर फुल एचडीला सहसा १२० हर्ट्झपर्यंतच जाता येतं. २.० वर फुल एचडीला २४० आणि १४४० रेझोल्यूशनला (फुल एचडीपेक्षा जास्त ठिपक्यांच्या चित्राला) १४४ मिळतात, पण फोरकेला ६० च. फोरकेला १२० हवे असतील तर एचडीएमआय २.१ लागतं. डिस्प्लेपोर्ट १.२ सारखं जुनं पोर्टसुद्धा १४४० ला १४४ आरामात देतं.

स्वस्त मॉनिटरच्या खोक्यात बहुतेक वेळा फक्त एचडीएमआय केबल येते. चांगली डिस्प्लेपोर्ट केबल काही फार महाग नसते, मॉनिटरसोबतच मागवून ठेवा. निळ्या व्हीजीएच्या कन्व्हर्टरवर मात्र ६० च्या वर जायची आशा ठेवू नका.

विंडोजमध्ये ६० ऐवजी ५९.९४ दिसायलंय.

काळजी नको. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये मिसळू नये म्हणून ६० चा आकडा किंचित खाली आणला गेला, तोच आजवर चालत आला आहे. खेळताना काही फरक पडत नाही.

कॅमेरा फिरवला की चित्र मधूनच कापल्यासारखं दिसतं. कार्ड गेलं का?

कार्ड ठीक आहे. याला टिअरिंग म्हणतात. मॉनिटर पडदा वरून खाली रंगवतो. तो अर्ध्यावर आला असताना कार्डानं नवं चित्र दिलं तर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो, आणि मध्ये शिवण दिसते.

त्यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. चित्र तयार झालं तरी मॉनिटरची पुढची वेळ येईपर्यंत ते थांबवून ठेवायचं. टिअरिंग पूर्ण जातं, पण किंमत मोजावी लागते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एखादं चित्र १६.७ ऐवजी १८ मिलिसेकंदांत तयार झालं, तर त्याची वेळ हुकते आणि ते थेट ३३ व्या मिलिसेकंदाला दिसतं. जुन्या पद्धतीच्या व्ही-सिंकमध्ये म्हणूनच ५५ देणारा पीसी एकदम ३० वर आपटतो. शिवाय माउस जड वाटायला लागतो.

नवा उपाय म्हणजे मॉनिटरलाच थांबायला शिकवणं. आपल्याकडची एसटी ठरल्या वेळेला स्टँड सोडते आणि ज्याची ती चुकली त्याला पुढच्या गाडीपर्यंत बसून राहावं लागतं, तसं व्ही-सिंक. काळीपिवळी प्रवासी आत आले की निघते. तसं हे नवं तंत्र. चित्र तयार झालं की मॉनिटर लगेच दाखवतो, घड्याळ बघत नाही. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं हे २०१३ साली जी-सिंक नावानं आणलं, तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांची वेगळी चिप लागायची आणि किंमत फार वाढायची. २०१४ साली हेच तंत्र डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात आलं आणि त्यांच्या स्पर्धक एएमडीनं त्यावर फ्रीसिंक उभं केलं. आज स्वस्तातल्या गेमिंग मॉनिटरमध्येही ते असतं ते त्यामुळे.

माझं मत विचाराल तर साध्या बजेटवर खेळणाऱ्यासाठी मॉनिटरमधली ही सर्वात मोलाची सोय आहे. ज्याचं कार्ड भारी आहे त्याचे एफपीएस तसेही स्थिर राहतात. ज्याचं कार्ड ५५ ते ८० च्या मध्ये हेलकावे खातं, त्याचा गेम यामुळे खेळण्यालायक होतो.

माझ्याकडे एनव्हिडियाचं कार्ड आहे आणि मॉनिटरवर फ्रीसिंक लिहिलंय. चालेल का?

चालेल. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियानं अशा मॉनिटरसाठी दार उघडलं. कार्ड जीटीएक्स १० सीरिजचं किंवा त्यानंतरचं हवं आणि सहसा डिस्प्लेपोर्टनंच जोडावं लागतं. मॉनिटरच्या मेन्यूत फ्रीसिंक चालू करा, मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक चालू करा. या दोनपैकी पहिली पायरी लोक हमखास विसरतात.

सोबत एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा तीन-चारनं खाली लावा, म्हणजे १४४ च्या मॉनिटरला १४०. एफपीएस मॉनिटरच्या वर गेले की हे तंत्र काम करणं थांबवतं. खालच्या बाजूलाही मर्यादा असते. खोक्यावर ४८ ते १४४ अशी रेंज असेल तर ४८ च्या खाली मॉनिटर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून वेळ मारून नेतो. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून बराच जास्त लागतो. ४८ ते ७५ रेंजचा मॉनिटर हे करू शकत नाही. घेताना ही रेंज विचारा.

काउंटर ९० दाखवायलाय, तरी गेम अडकायलाय. असं कसं?

कारण ९० ही सरासरी आहे. एका सेकंदात ८९ चित्रं पटापट आली आणि एकच चित्र १५० मिलिसेकंद अडकलं, तरी काउंटर छान आकडा दाखवतो. डोळ्याला मात्र ते एक अडकलेलं चित्रच खुपतं. म्हणून सरासरीच्या शेजारी 'एक टक्का लो' हा आकडा बघा. सर्वात संथ एक टक्का चित्रांचा वेग त्यात दिसतो. सरासरी ९० आणि लो ३० असलेल्या पीसीपेक्षा सरासरी ७० आणि लो ६० असलेला पीसी खेळायला कितीतरी चांगला.

आपल्याकडे आलेल्या मशिनींमध्ये याचं सर्वात मोठं कारण मला रॅममध्ये सापडतं. पैसे वाचवायला १६ जीबीची एकच पट्टी टाकलेली असते. एकाच पट्टीवर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता निम्मा राहतो. ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत टाकल्या की तीच रॅम ड्युअल चॅनेलवर, म्हणजे दोन रस्त्यांनी, चालते. चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, रायझेन ५ ५६०० जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळतात, त्यांना तर फरक काउंटरवर सरळ दिसतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सोय, चालू आहे का बघा. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम ते चालू केल्याशिवाय बरेचदा २१३३ किंवा २४०० वरच चालते.

दुसरं कारण गेम जुन्या हार्ड डिस्कवर असणं. नव्या जागी गेलं की अडकतो आणि परत त्याच जागी गेलं की अडकत नाही, असं असेल तर बहुधा हेच. एसएसडीवर हलवा. काही नवे गेम पहिल्यांदा चालताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करतात, तेव्हा पहिला अर्धा तास अडखळतात आणि मग सुधारतात. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

प्रोसेसर कमी पडतोय की कार्ड, कसं ओळखू?

गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीनं चाललंय, ग्राफिक्स कमी केले की एफपीएस वाढतील. तो ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादाही लावलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. मग रेझोल्यूशन खाली आणूनही काही फरक पडत नाही. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ सारखे गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. त्यासाठी नवं कार्ड घेऊन निराश झालेले मी बरेच बघितले आहेत.

काही गेम तर कितीही भारी मशीन लावलं तरी पुढे जात नाहीत. २०२२ चा एल्डन रिंग पीसीवर ६० लाच बांधलेला आहे. २०११ च्या स्कायरिममध्ये वस्तूंच्या हालचालीचा हिशेबच फ्रेमला जोडलेला होता, ६० च्या वर गेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडायची. तुम्ही जे खेळता ते कुठे बांधलेलं आहे हे मॉनिटर घ्यायच्या आधी बघून घ्या.

हिवाळ्यात गेम चांगला चालायचा, आता एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासानं एफपीएस पडायलेत.

मराठवाड्यातल्या पीसीचा हा खरा आजार आहे आणि पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून तो कळत नाही. पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० ला राहत असेल, तर मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ४० असताना तेच कार्ड त्याच कामाला ८५ च्या आसपास जाणार. प्रोसेसर ९५-१०० च्या जवळ आला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सुरुवातीला सगळं ठीक असतं आणि वीस-तीस मिनिटांनी घसरण सुरू होते, ही त्याची ओळख.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे एफपीएसला मर्यादा. मॉनिटर ७५ चा असताना कार्ड १६० एफपीएस काढत असेल तर ती निम्मी मेहनत फक्त खोली तापवते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे. मर्यादा लावली की तापमान, पंख्याचा आवाज आणि विजेचा वापर तिन्ही उतरतात.

मग साफसफाई. आपल्याकडची काळी बारीक माती जाळीत बसली की हवा आत जातच नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, जोरानं फिरू देऊ नका. तीन-चार वर्षं जुनं मशीन असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) बदला. ऊन तापायला लागायच्या आधी, होळीच्या सुमाराला हे काम उरकलं की पुढचे तीन महिने बरे जातात.

कूलरबद्दल वेगळं सांगतो. कूलरनं खोली गार होते आणि पीसीला त्याचा फायदा होतोच, पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवेत धूळ चिकटून तिचा थर बनतो, आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं असल्यानं उडालेले थेंब पांढरे डाग सोडतात. पीसी झोताच्या बाजूला ठेवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

व्होल्टेज कमी झालं की एफपीएस पडतात का?

डेस्कटॉपवर नाही. चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. त्याला जमलं नाही तर मशीन सरळ बंद पडतं, हळू होत नाही.

यूपीएसचं मात्र बघा. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं. साधं काम करताना तो पुरतो, पण गेम चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या पुढे गेले तर लाईट जाताक्षणी यूपीएसही बसतो. अशा वेळी ६० किंवा ७५ ला लावलेली मर्यादा बऱ्याच मशिनींना त्या आकड्याच्या आत आणते.

लातूरला क्लाससाठी रूमवर राहतो. लॅपटॉप १४४ चा आहे, पण लाईट गेली की गेम एकदम जड होतो.

बॅटरीवर लॅपटॉप प्रोसेसर आणि कार्ड दोघांचीही वीज कापतो, त्यामुळे हे होणारच. त्यात बरेच लॅपटॉप बॅटरीवर पडदा आपोआप ६० हर्ट्झवर आणतात, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर ते गेमला ३० एफपीएसवर बांधतं. पडद्याचा हर्ट्झ आणि बॅटरी बूस्ट दोन्ही बदलता येतात, पण बॅटरी तासाभरात संपेल. लाईट येईपर्यंत गेम बंद ठेवणं बरं.

चार्जर लावूनही जड वाटत असेल तर लॅपटॉप गादीवरून उचला. खालच्या जाळ्या झाकल्या जातात. मागची बाजू दोन वह्यांवर टेकवली तरी फरक पडतो. लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये मक्स स्विच असेल तर खेळताना पडदा थेट ग्राफिक्स कार्डाला जोडा. एरवी प्रत्येक चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून फिरून येतं आणि थोडे एफपीएस वाटेत जातात.

पिंग १२० येतोय. जास्त हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर कमी होईल?

होणार नाही. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, त्याचा मॉनिटरशी संबंध नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ दोन्हीचे सर्व्हर मुंबईत आहेत. आधी व्हॅलोरंटमध्ये मुंबईच निवडलंय का बघा, मग वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिंग स्थिर राहत नाही.

फ्रेम जनरेशन चालू केलं की १२० दिसतात. हे खरे का?

दिसायला खरे, हाताला नाहीत. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक अंदाजानं बनवलेलं चित्र घालायचं हे ते तंत्र. एनव्हिडियानं २०२२ साली आरटीएक्स ४० सीरिजसोबत आणलं, एएमडीनं २०२३ मध्ये. मधलं चित्र बनवायला पुढचं खरं चित्र हातात असावं लागतं, म्हणून ते थोडं रोखून धरलं जातं आणि उशीर वाढतो. मूळचे ६०-७० एफपीएस असतील तर कथेच्या गेममध्ये छान वाटतं. मूळचे ३० असताना चालू केलं तर चित्र सरळ आणि हात जड, असं विचित्र मिश्रण होतं. नेमबाजीच्या स्पर्धेत ते बंदच ठेवा.

एनव्हिडियाच्या डीएलएसएसचा किंवा एएमडीच्या एफएसआरचा क्वालिटी मोड ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चित्र कमी रेझोल्यूशनवर तयार करून मोठं केलं जातं. हे एफपीएस खरोखर वाढतात आणि उशीरही कमी होतो. जुन्या कार्डावर चालत असेल तर ते नक्की वापरा.

६० चा मॉनिटर आहे, सध्या पैसे नाहीत. काही करता येईल?

येईल. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रेझोल्यूशन बनवून ७० किंवा ७५ टाकून बघा. बरेच साधे मॉनिटर ते घेतात. नाही घेतलं तर पडदा काळा होतो आणि थोड्या वेळानं आपोआप जुनी सेटिंग परत येते. चाललं तर एकदा टेस्ट यूएफओ या संकेतस्थळावर फ्रेम गळत नाहीत ना ते तपासा.

मग कोणता मॉनिटर घेऊ?

आधी तुमचं मशीन तुमच्याच गेममध्ये किती एफपीएस देतं ते मोजा. ५० ते ९० देत असेल तर फ्रीसिंकचा १०० ते १४४ चा मॉनिटर पुरे, उरलेले पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. हलके स्पर्धेचे गेम खेळत असाल आणि १५० च्या वर जात असाल तर १६५ किंवा १८० घ्या. २४० च्या नादाला लागून कार्ड जुनंच ठेवणं हा सर्वात वाईट सौदा.

फुल एचडीसाठी २४ इंच ठीक, २७ इंचाला १४४० घ्या, पण १४४० ला कार्डावर भार बराच वाढतो. पॅनेलच्या (पडद्याच्या) प्रकारांत मी आयपीएस सुचवतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुंदर असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधारातल्या हालचालीमागे काळसर शेपूट दिसते. खोक्यावरच्या १ मिलिसेकंदावर जाऊ नका. तो आकडा बरेचदा ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांचा रंग लवकर बदलवणारी सेटिंग) टोकाला नेऊन मोजलेला असतो, आणि तसं वापरलं तर वस्तूंमागे पांढरी सावली येते. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवा.

टीव्ही घ्यायचा विचार असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट विचारा. मोशनचे बरेच आकडे ६० च्या पॅनेलवरच छापलेले असतात. खेळताना गेम मोड लावा.

हैदराबादहून जुना मॉनिटर आणावा का?

नांदेडकरांना आणि लातूरकरांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबादचं सीटीसी हे कॉम्प्युटर मार्केट जवळ पडतं, आणि तिथे कंपन्यांतून निघालेले मॉनिटर स्वस्त मिळतात. मात्र ते बहुतेक ६० हर्ट्झचे असतात. ऑफिसकामाला उत्तम, गेमसाठी नाही. १४४ चा म्हणून विकत असतील तर तिथेच चालू करून घ्या. शक्य असेल तर स्वतःचा लॅपटॉप न्या, विंडोजमध्ये १४४ निवडून दिसतो का ते बघा, आणि पूर्ण पांढरा, पूर्ण काळा असा पडदा लावून मेलेले ठिपके शोधा. देवगिरी एक्सप्रेसनं आणणार असाल तर मॉनिटर उभा ठेवा, पडद्यावर दाब येईल असा आडवा टाकू नका.

जास्त हर्ट्झनं डोळ्यांना त्रास होतो का?

हर्ट्झमुळे नाही. जुन्या जाड काचेच्या मॉनिटरवर ६० ला पडदा लुकलुकायचा आणि डोकं दुखायचं. आताच्या एलसीडीत चित्र पुढचं येईपर्यंत टिकून राहतं. रात्री दिवा बंद करून पूर्ण उजेडावर खेळणं मात्र डोळ्यांना जड जातं. खोलीत दिवा ठेवा आणि ब्राइटनेस उतरवा.

नवा मॉनिटर घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, ऑनलाइन घेतला असेल तर अखंड काढा. डिस्प्लेपोर्टनं कार्डाला जोडा, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट बदला, मॉनिटरच्या मेन्यूत फ्रीसिंक चालू करा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून ठिपके बघा. परत करायची मुदत संपायच्या आत किमान दोन-तीन तास सलग खेळून बघा, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे की थेट पुण्याला, हे घेण्याआधीच विचारलेलं बरं. पुण्याला पाठवावा लागला तर मूळ थर्माकोल आणि खोक्याशिवाय पडदा सुखरूप पोचत नाही. वॉरंटी संपेपर्यंत दोन्ही माळ्यावर ठेवा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण दुकानांच्या बिलावरची शाई वर्षभरात उडून जाते.